कुठलाही पार्ट उचला, तो बसलाच पाहिजे

अमेरिकेत बरेच हौशी लोक रायफल घरीच टेबलावर जोडतात. नळी एका कंपनीची, चापाचा सेट दुसरीचा, बारक्या पिना न स्प्रिंगा तिसरीकडून मागवलेल्या, आणि तरी सगळं कानस न लावता एकमेकांत बसतं. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आहे, लायसन्स नसताना बंदूक बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे तो नाद नकोच. पण एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी बनवलेले पार्ट असे फिट्ट बसतात कसे, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे, कारण तुमच्या बाईकचं बेअरिंग बदलून मिळतं तेही त्याच जोरावर.

आधी असं काही नव्हतं. १८व्या शतकातली चकमकीची बंदूक घ्या. तिचं लॉक, म्हणजे चाप ओढला की घोडा पडून ठिणगी पाडणारी यंत्रणा, तिच्यात घोडा, कमान, स्क्रू आणि घोड्याला अडवून धरणारी एक छोटी अटक असते, आणि या अटकेचं टोक एका बारीक खाचेत टेकलेलं असतं. टोक थोडं जास्त आत गेलं तर चाप जड होतो आणि कमी टेकलं तर घोडा नको तेव्हा सुटतो. कारागीर हे टोक कानशीने घासायचा, लावून बघायचा, परत घासायचा, त्यामुळे ते त्याच बंदुकीपुरतं व्हायचं आणि लढाईत तुटलं तर शेजारच्या बंदुकीतलं काढून चालत नसे.

फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक नावाच्या बंदूक कारागिराने हे बदलायचं मनावर घेतलं. १७८५ मध्ये त्याने थॉमस जेफरसनसमोर, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते, तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, ५० लॉकचे सुटे पार्ट खणांमध्ये मांडून ठेवले. जेफरसनने हाताला येईल तो पार्ट उचलून स्वतः काही लॉक जोडले, ते नीट बसले आणि त्यांनी लगेच तसं पत्र मायदेशी पाठवलं.

अमेरिकेत याचं श्रेय सहसा एली व्हिटनी या कारखानदाराला देतात. त्याने १७९८ मध्ये १०,००० बंदुकांचं कंत्राट घेतलं, पण त्या पुऱ्या व्हायला १८०९ उजाडलं, आणि त्याच्या ज्या बंदुका आज शिल्लक आहेत त्या तपासल्या तर पार्ट अदलाबदल होत नाहीत असं दिसलं. माझ्या मते खरा मान जॉन हॉलचा आहे आणि त्याचं नाव फार लोकांना माहीतच नाही.

हॉलची रायफल मागून भरायची होती. मागचा ठोकळा वर उचलायचा, त्यात दारू न गोळी भरायची आणि ठोकळा परत खाली बसवायचा. आता हा ठोकळा आणि नळी यांच्यामध्ये फट जास्त राहिली तर गरम गॅस तिथूनच बाहेर फुटणार, आणि फट ठेवलीच नाही तर ठोकळा अडकणार, म्हणजे मापात ढिलाई चालणारच नव्हती. १८१९ मध्ये सरकारने त्याला हार्पर्स फेरीच्या शस्त्र कारखान्यात काम दिलं आणि तिथे त्याने जे केलं ते आजही प्रत्येक मशीन शॉपमध्ये चालतं. पार्टवरचा एकच संदर्भबिंदू ठरवायचा आणि प्रत्येक माप तिथूनच घ्यायचं.

याने काय होतं ते बघा. समजा एका पट्टीवर ओळीने पाच भोकं पाडायची आहेत आणि प्रत्येक वेळी ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं. पहिल्या भोकापासून दुसरं मोजलं, दुसऱ्यापासून तिसरं, असं करत गेलात तर चुका एकावर एक चढतात आणि पाचवं भोक वाईटात वाईट म्हणजे ०.५ मिलिमीटर सरकलेलं असू शकतं, मग पिन जाणारच नाही. तीच पाचही भोकं पट्टीच्या एकाच कडेपासून मोजली तर प्रत्येकाची चूक त्याच्यापुरतीच, ०.१ च्या आतच राहते. मशीन तेच, माणूस तोच, फक्त मोजायची सुरुवात कुठून केली एवढाच फरक.

दुसरी गोष्ट गेजची. हॉलने एका रायफलसाठी ६३ गेज वापरले. गेज आकडा सांगत नाही, पार्ट मापात आहे की नाही एवढंच सांगतो, त्यामुळे तपासणाऱ्याला अंदाज लावायला जागाच राहत नाही. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये रोज हातात असतो तो गो-नोगो गेज याच कुळातला, एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं जाता कामा नये. म्हणजे अचूक पार्ट कोणी मागतच नाही, चूक किती चालेल ते आधी ठरवतात आणि मग ती हद्द पाळतात.

१८२६-२७ मध्ये सरकारी समितीने हॉलच्या रायफली तपासल्या, पार्ट मिसळून परत जोडायला लावले आणि ते बसले. पुढे १८५४ मध्ये ब्रिटिश समिती अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात गेली, १८४४ ते १८५३ मधल्या दर वर्षाची एक अशा दहा बंदुका निवडल्या, सगळ्या सुट्या करून पेट्यांमध्ये मिसळल्या आणि कामगाराने नुसत्या स्क्रू ड्रायव्हरने त्या परत जोडल्या. ते बघून ब्रिटिशांनी अमेरिकन मशिनरी विकत घेतली आणि एनफिल्डच्या कारखान्यात बसवली. आपल्याकडे १८५७ च्या काडतुसांमुळे माहीत झालेली ती एनफिल्ड रायफल मग तिथे या मशीनवर बनायला लागली.

एक अडचण मात्र या सगळ्यांना छळत राहिली, ती म्हणजे पाणी देणं. अटकेचं ते टोक झिजू नये म्हणून कडक करावं लागतं, पोलाद लाल तापवून झटकन थंड करतात, पण तेव्हा आतली अणूंची रचना बदलते, धातू किंचित फुगतो आणि पातळ-जाड भाग वेगवेगळ्या वेगाने थंड झाल्यामुळे पार्ट वाकतो. म्हणजे गेजमधून पास झालेला पार्ट भट्टीतून आला की नापास. आज यावर उपाय म्हणून मापाला थोडा माल जास्त ठेवतात आणि कडक केल्यावर ग्राइंडिंग करून शेवटच्या मापावर आणतात. तेव्हा कडक पोलाद इतकं बारीक घासणारी मशीन नव्हती, वाकलेला पार्ट एकतर हाताने सरळ करायचा नाहीतर भंगारात टाकायचा.