पेनकिलरनं स्वादुपिंड वाचतं? छे हो!

आमच्या इंदूरला सकाळी पोहे-जलेबी खाता खाता काका परत तेच, प्रोस्टाग्लँडिन (शरीरातच बनणारं एक रसायन) म्हणजे सूज, म्हणून पेनकिलर घेतली की शुगरवाल्याचं स्वादुपिंड वाचतं. अहो काका, प्रोस्टाग्लँडिन एकटं नाहीये, अख्खं खानदान आहे! त्यातलं ई-टू इन्सुलिन कमी करू शकतं, खरंय, पण त्याच घरातलं १५-डीऑक्सी-जे-टू (जीभ वळत नाही) उलट वागतं. म्हणजे बघा, इंटरल्युकिन-१ हे सायटोकाइन (पेशींना सुजेचा निरोप देणारं प्रथिन) इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीला चिकटलं की आत नायट्रिक ऑक्साइड बनून पेशीची वाट लागते, आणि उंदरांच्या पेशींना जे-टू आधीच दिलं तर तो निरोपच पुढे जात नाही, नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच तयार होत नाही. अर्थात हे लॅबमधल्या बशीत, तेही बाहेरून देऊन. आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर मात्र प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स एन्झाइम अडवून सगळ्या खानदानालाच कुलूप लावते, वर किडनीला ताप वेगळाच.