पुण्याच्या ‘मध्यम’ हवेची पार्श्वभूमी

‘पुण्याची हवा मानवली’ हे वाक्य जुन्या पिढीच्या तोंडी सहज असे. पावसाळा आला की मुंबईच्या गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत हलायचा, छातीचे रुग्ण हवापालटासाठी यायचे, निवृत्त मंडळी इथेच घर बांधायची. त्या ख्यातीवर शहर अजून जगतं आहे. सायकलींच्या शहरात आधी स्कूटर आणि मागोमाग बाकी सगळं कसं आलं, ते पुणेकरांना सांगायला नको. 2018 मध्ये नोंदणीकृत वाहनं 36 लाखांवर गेली आणि शहराच्या लोकसंख्येला मागे टाकून बसली, एवढं पुरे.

हवेची रोजची चर्चा मात्र फार जुनी नाही. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी 2010 मध्ये सुरू झालेली ‘सफर’ ही हवेचा अंदाज देणारी यंत्रणा 2013 मध्ये पुण्यात आली. ती उभारणारी संस्था पुण्यातल्या पाषाणचीच, तरी पहिला मान दिल्लीला! शिवाजीनगर, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी अशा ठिकाणी केंद्रं बसली. 2015 पासून देशभर हवेच्या गुणवत्तेचा एकच निर्देशांक लागू झाला, सहा रंग आणि सहा शब्दांचा. घोळ आहे तो या शब्दांत.

मूळ वर्गवारीत निर्देशांकाच्या 101 ते 200 या टप्प्याचं नाव होतं ‘मध्यम प्रदूषित’. बातम्यांत आणि मोबाइलवर येईपर्यंत त्यातलं ‘प्रदूषित’ गळालं आणि नुसतं ‘मध्यम’ उरलं. मराठीत मध्यम म्हणजे ना धड चांगलं ना वाईट, चालण्याजोगं. हिवाळ्यातले पुण्याचे कितीतरी दिवस याच खान्यात पडतात, म्हणून शब्दाची उलटतपासणी करायला हवी. पीएम 10 साठी, म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांसाठी, हा टप्पा हवेत 101 ते 250 मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर असा आहे. देशाचा 24 तासांचा निकष आहे 100. म्हणजे निकषाच्या अडीचपट धूळ असली तरी हवा ‘मध्यम’! पीएम 2.5 चा, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा टप्पा 61 ते 90, निकष 60. खालच्या पायरीवरही तेच. पीएम 2.5 30 पर्यंत असताना ‘चांगली’ म्हणवणारी हवा जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषाच्या, म्हणजे 15 च्या, दुप्पट असू शकते. ‘मध्यम’ हवेत दमेकरी, हृदयरोगी, मुलं आणि वृद्धांना त्रास होऊ शकतो, हे वर्गवारीतच नमूद आहे. पण ती ओळ कुणी मथळ्यात घेत नाही.

शिवाय आकडा 24 तासांच्या सरासरीचा. पुणे टेकड्यांमध्ये खोलगट वसलेलं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे थंड हवा खाली बसते आणि रात्रीचा धूर वर जाऊ देत नाही. फिरायला निघणाऱ्यांची आणि शाळेच्या रिक्षांची वेळ नेमकी तीच. दुपारी वारा सुटला की सरासरी सावरते. पहाटे ज्यांनी श्वास घेतला त्यांचा श्वास काही सरासरीने होत नाही.

शरीराच्या बाजूने बोलायचं तर पुण्यात काम बरंच झालं आहे. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट विकार, हा विडी-सिगारेटवाल्यांचा आजार, असा पक्का समज होता. धूम्रपान न करणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणात होतो, ही मांडणी 2009 मध्ये जागतिक वैद्यकीय वाचकांपुढे नेणाऱ्यांत इथले संशोधक होते. चुलीचा धूर हे त्यातलं मोठं कारण, आणि मुळशी-वेल्ह्याच्या घरांना ते नवीन नव्हतं. 2016 मध्ये इथेच फटाक्यांचा धूर मोजला गेला, तेव्हा लडी आणि भुईनळ्याला मागे टाकून पहिली आली ती लहान मुलांच्या हातातली निरुपद्रवी नागगोळी.

2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह दहा शहरांच्या अभ्यासात 2008 ते 2019 या काळातले सुमारे 36 लाख मृत्यू तपासले गेले. त्यातले सुमारे 7.2 टक्के पीएम 2.5 शी जोडता येतात, असा हिशेब निघाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे देशाच्या 60 च्या निकषाखालीही धोका वाढताना दिसला. ‘आपण काही दिल्ली नाही’ हे पुणेरी समाधान तिथेच डळमळतं.

दरम्यान 2019 च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात पुण्याचं नाव निकष न पाळणाऱ्या शहरांत आलं. उद्दिष्ट आधी हवेतल्या कणांत 2017 च्या तुलनेत 20 ते 30 टक्के घट असं होतं, पुढे 2025-26 पर्यंत 40 टक्के झालं. पण प्रगती मोजायला धरला गेला पीएम 10. मग देशभर पैशांचा मोठा वाटा धूळ आवरण्याकडे, म्हणजे रस्ते झाडणाऱ्या यंत्रांकडे आणि पाणी मारणाऱ्या टँकरकडे वळला. फुप्फुसाच्या तळाशी पोचणारा बारीक कण, जो गाड्यांच्या नळकांड्यांतून आणि कोपऱ्यावर पेटवलेल्या कचऱ्यातून निघतो, तो यंत्राच्या झाडूला लागत नाही. या बारीक कणाचा देशातला वार्षिक निकष 2009 मध्ये 40 ठरला होता. जागतिक निकष 2021 मध्ये 10 वरून 5 वर आला.