द स्टेशन एजंट (चित्रपट)

टॉम मॅकार्थी यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला अमेरिकन स्वतंत्र (मोठ्या स्टुडिओंच्या बाहेर बनलेला) चित्रपट. प्रदर्शन २००३. तोवर अभिनेते म्हणून काम करणाऱ्या मॅकार्थी यांचे हे पहिलेच दिग्दर्शन. पीटर डिंक्लेज, पॅट्रिशिया क्लार्कसन आणि बॉबी कॅनावाले यांच्या प्रमुख भूमिका आहेत. लांबी जेमतेम दीड तास आणि खर्च सुमारे पाच लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने अगदीच किरकोळ. एकमेकांशी काही देणेघेणे नसलेली तीन माणसे एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकाच्या आसपास एकत्र येतात, एवढेच कथानक. दुःखावरच्या इतर चित्रपटांहून तो निराळा वाटतो, कारण यात कोणी कोणाचे सांत्वन करायला जात नाही. निदान बोलून तरी नाही.

फिनबार मॅकब्राइड ऊर्फ फिन (डिंक्लेज) न्यू जर्सीतल्या होबोकेन शहरात आगगाड्यांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानात काम करतो. तो जन्मतः ठेंगणा आहे, उंची साडेचार फुटांहूनही थोडी कमी. रस्त्याने जाताना लोक वळून बघतात, पोरे चिडवतात, एक दुकानदारीण तर न विचारता त्याचा फोटो काढते. दुकानाचे वयस्क मालक हेन्री (पॉल बेंजामिन) हेच त्याचे एकुलते एक जवळचे माणूस. ते एके दिवशी अचानक वारतात आणि मृत्युपत्रात न्यूफाउंडलंड नावाच्या गावातली थोडी जमीन व तिच्यावरचे जुने स्थानक फिनच्या नावे ठेवून जातात. (हे न्यूफाउंडलंड न्यू जर्सीतलेच, कॅनडातल्या बेटाशी त्याचा संबंध नाही.) फिन तिथे मुक्काम हलवतो तो माणसांपासून लांब राहता यावे म्हणून.

ते काही साधत नाही. स्थानकाच्या दारातच ज्यो ओरामस (कॅनावाले) कॉफी आणि हॉट डॉगची गाडी लावतो. गाडी त्याच्या वडिलांची. ते आजारी असल्याने धंदा सांभाळायला आलेला हा क्यूबन वंशाचा तरुण बोलायला माणूस मिळेना म्हणून कातावलेला असतो. ऑलिव्हिया हॅरिस (क्लार्कसन) ही चित्रकार फिनच्या आयुष्यात शिरते ती मोटारीने: चालवता चालवता तिचे लक्ष उडते आणि रस्त्याकडेने चाललेला फिन थोडक्यात वाचतो. एकदा नव्हे, दोनदा. माफी मागायला ती दारूची बाटली घेऊन स्थानकावर येते आणि तिथेच झोपी जाते. सकाळी तिला बाहेर पडताना पाहून ज्यो भलताच अर्थ काढतो. तिचा लहान मुलगा दोन वर्षांपूर्वी गेला आहे आणि नवऱ्यापासून ती वेगळी राहते, हे कळायला बराच वेळ जातो. पटकथेचा सगळा संयम इथे दिसतो. ऑलिव्हियाचे दुःख आधी वेंधळेपणाच्या रूपाने समोर येते, प्रेक्षक हसतो, आणि मग त्या हसण्याचेच त्याला अवघडल्यासारखे होते.

फिनचे दुःख तर कोणी विचारतही नाही. हेन्री त्याचे नात्याने कोणी नव्हते, त्यामुळे त्याला शोक करण्याचा हक्क आहे हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. कदाचित त्याच्या स्वतःच्याही. तो रुळांच्या कडेने चालत राहतो, आगगाड्यांवरची पुस्तके वाचतो, खिशातले घड्याळ पाहतो. ज्यो त्याच्या मागे लागतो आणि गप्प बसण्याच्या अटीवर शेजारी बसून वाचायची परवानगी मिळवतो. थोड्या वेळाने तो तोंड उघडतो आणि वर आपण वीस मिनिटे काही बोललो नाही अशी फुशारकी मारतो. फिन सांगतो, नऊ. त्याने वेळ लावलेली असते. चित्रपटातला विनोद सगळा याच जातीचा, आणि मैत्रीही याच मापाने वाढते. आधी दोघे, मग तिघे रुळांवरून चालू लागतात. पुढे ऑलिव्हिया कॅमेरा आणते, ज्यो आपली गाडी काढतो आणि धावत्या आगगाडीच्या बरोबरीने रस्त्यावरून गाडी पळवत तिचे चित्रण केले जाते. रेल्वेवेड्यांचा हा आवडता उद्योग फिनला एरवी एकट्याने जमला नसता.

उत्तरार्धात हे सगळे विस्कटते. ऑलिव्हिया दार लावून घेते. फिन दारूच्या गुत्त्यात सगळ्यांना ओरडून सांगतो, बघायचे ते एकदाचे बघून घ्या. ऑलिव्हिया गोळ्या घेऊन जीव देण्याचा प्रयत्न करते. एवढ्या थोड्या वेळात एवढे प्रसंग कोंबल्याने आधीची संथ लय बिघडते, आणि ग्रंथपाल एमिलीचे (मिशेल विल्यम्स) उपकथानकही अर्धवटच राहते. क्लिओ या शाळकरी मुलीचा (रेवन गुडविन) धागा मात्र पक्का आहे. आपल्या वर्गात येऊन आगगाड्यांवर बोल, असा तिचा फिनपाशी हट्ट असतो. लोकांच्या नजरा टाळणाऱ्या माणसाला वर्गासमोर उभे राहणे किती जड जाते, हे तो प्रसंग भाषणबाजी न करता दाखवतो.

डिंक्लेज आणि मॅकार्थी यांची ओळख न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची. ठेंगण्या नटांच्या वाट्याला तोवर बहुतेक परीकथांतली किंवा हशा पिकवणारी पात्रे येत. डिंक्लेज यांनी ‘लिव्हिंग इन ऑब्लिव्हियन’ (१९९५) या आपल्या सुरुवातीच्या चित्रपटात याच सवयीवर संतापणाऱ्या नटाचे काम केले होते. फिनची उंची मात्र कथेत सतत जाणवते, तरी कथा तिच्यावर उभी नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी अबोल, दुखावलेला माणूस असता तरी ऑलिव्हिया आणि ज्यो यांनी त्याला असेच छळले असते.

चित्रीकरण बरेचसे न्यू जर्सीतच झाले आणि न्यूफाउंडलंडचे स्थानकही खरेच. छायालेखन ऑलिव्हर बोकेलबर्ग यांचे, संगीत स्टीफन ट्रास्क यांचे. स्वतंत्र चित्रपटांसाठीच्या सनडान्स या अमेरिकन महोत्सवात २००३ साली नाट्यविभागातला प्रेक्षक पुरस्कार आणि पटकथेचा वाल्डो सॉल्ट पुरस्कार चित्रपटाला मिळाला. क्लार्कसन यांना त्या वर्षीच्या महोत्सवातल्या तीन चित्रपटांतल्या कामासाठी ज्यूरीचा विशेष पुरस्कार देण्यात आला. वितरणाचे हक्क मिरामॅक्स या कंपनीने घेतले. मूळ पटकथेसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार, तसेच अमेरिकेत स्वतंत्र चित्रपटांना दिल्या जाणाऱ्या इंडिपेन्डन्ट स्पिरिट पुरस्कारांपैकी पहिल्या पटकथेचा पुरस्कार आणि कमी खर्चाच्या चित्रपटांसाठीचा जॉन कॅसाव्हेटिस पुरस्कारही मिळाला. ऑस्करसाठी एकही नामांकन नव्हते.

मॅकार्थी यांच्या ‘स्पॉटलाइट’ला (२०१५) पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे आणि मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. दोन्ही चित्रपटांचे संकलक एकच, टॉम मॅकआर्डल. बाकावर तिघे नुसते बसले आहेत, कोणी काही बोलत नाही, आणि तरीही दृश्य हवे तेवढा वेळ पडद्यावर टिकते, याचे बरेचसे श्रेय त्यांच्याकडे जाते.