शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र

स्नेहसंमेलनाचा दुसरा दिवस म्हणजे बक्षीस समारंभ. पटांगणात मांडव, पुढच्या रांगांत पालक, टेबलावर रचलेले पेले आणि वह्यांचे गठ्ठे, माइकवर नावं पुकारणारे सर. पहिला, दुसरा, तिसरा, चित्रकला, धावणे, वक्तृत्व. आणि अगदी शेवटी 'शंभर टक्के उपस्थिती'. हे शेवटचं बक्षीस मला लहानपणापासून सगळ्यांत न्याय्य वाटत आलं. त्याला हुशारी लागत नाही, आवाज लागत नाही, फक्त रोज यावं लागतं. म्हणूनच त्याच बक्षिसावर झालेला एक प्रयोग वाचला तेव्हा मी बराच वेळ विचारात पडले.

प्रयोग अमेरिकेत, कॅलिफोर्नियातला. कार्ली रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहावी ते बारावीतले 15,329 विद्यार्थी निवडले. आधीच्या सत्रात किमान एक महिना एकही खाडा न केलेली ही मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या गटाला कळवलं की फेब्रुवारीत एकही दिवस चुकवला नाही तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला मागच्या नियमितपणाबद्दल प्रशस्तिपत्र देऊनच टाकलं, काही अट न घालता. तिसऱ्या गटाला बक्षिसाबद्दल काहीच सांगितलं नाही. फेब्रुवारी संपल्यावर हजेरीपट तपासले. आमिष दाखवलेल्या गटाची हजेरी सरासरीने जराही सुधारली नव्हती. आणि ज्यांचं कौतुक आधीच झालं होतं, त्यांचे खाडे तिसऱ्या गटापेक्षा 8 टक्क्यांनी वाढले होते!

असं का व्हावं? संशोधकांनी पुढे चाचपणी केली तेव्हा उलगडा झाला. प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांना वाटलं की आपण वर्गातल्या इतरांपेक्षा जास्त दिवस शाळेत येतो, आणि शाळेची अपेक्षा होती त्याहूनही जास्त येतो. म्हणजे रोज येणं ही साधी गोष्ट नाही, ती काहीतरी जगावेगळी कामगिरी आहे, असा अर्थ त्या कागदातून पोहोचला. मग एखादा दिवस बुडवला तर काय बिघडलं? शाळेला म्हणायचं होतं 'शाबास', मुलांनी ऐकलं 'पुरे झालं'.

मला यातली गोम महत्त्वाची वाटते. बक्षीस ही नुसती वस्तू नसते, तो एक निरोप असतो. आणि तो वाचणारं मूल तेरा-चौदा वर्षांचं असतं, त्या वयात माणूस सगळ्यांत आधी एकच गोष्ट शोधतो: इथे माझी जागा कुठे आहे?

जागेचा हा प्रश्न आपल्याकडे तुकड्यांनी फार जुना करून ठेवलाय. कित्येक शाळांत गुणांप्रमाणे तुकड्या पाडायची पद्धत होती, काही ठिकाणी अजूनही आहे. ब तुकडीत पहिला येणारा मुलगा पुढच्या वर्षी अ तुकडीत जातो, घरी पेढे वाटले जातात, आणि सहामाहीपर्यंत तोच मुलगा म्हणू लागतो, 'मला गणित जमत नाही.' त्याचं गणित बिघडलेलं नसतं, आजूबाजूची मुलं बदललेली असतात. 'वासरात लंगडी गाय शहाणी' ही म्हण आपण हिणवायला वापरतो, पण शिक्षण मानसशास्त्रात हर्बर्ट मार्श यांनी नेमकी हीच गोष्ट आयुष्यभर मोजली. त्यांनी आणि किट-ताय हाऊ यांनी 2003 साली 26 देशांतल्या एक लाखाहून जास्त पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली. क्षमता सारखीच असलेल्या दोन मुलांपैकी जे मूल जास्त हुशार मुलांच्या शाळेत असतं, त्याचा स्वतःच्या अभ्यासावरचा विश्वास कमी असतो, असं त्यातून दिसलं.

यावर कुणी म्हणेल, वाटणं वेगळं आणि गुण वेगळे. पण रिचर्ड मर्फी आणि फेलिक्स वाइनहार्ट यांनी इंग्लंडमधल्या मुलांच्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की प्राथमिक शाळेत ज्याचा वर्गातला क्रमांक वर होता, ते मूल माध्यमिक शाळेतही पुढे राहतं. तुलना केलेल्या मुलांचे गुण सारखेच होते, फरक फक्त वर्गातल्या क्रमांकाचा होता. माध्यमिक शाळेत तर तो जुना क्रमांक कुणालाच ठाऊक नसतो. तो फक्त मुलाच्या मनात शिल्लक असतो. दहावीची राज्याची गुणवत्ता यादी बोर्डाने केव्हाच बंद केली, त्यामागची कळकळ मला मनापासून पटते. निकालानंतर गल्लोगल्ली फोटोसह टक्केवारीचे फलक लागतात, तेव्हा ज्यांचा फोटो त्यावर नाही त्यांनी तो निरोप कसा वाचला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग कौतुक करूच नये का? तसं अजिबात नाही. कशाचं करायचं, हा खरा प्रश्न आहे.

क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीतल्या मुलांवरचे होते. कोडी सोडवल्यावर काही मुलांना सांगितलं, 'तू हुशार आहेस.' काहींना सांगितलं, 'तू खूप मेहनत घेतली असणार.' त्यानंतर मुद्दाम अवघड कोडी दिली, सगळेच अडखळले. पुन्हा सोपी कोडी दिल्यावर 'हुशार' मुलं आधीपेक्षा मागे पडली आणि 'मेहनती' मुलं पुढे गेली. पण मला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलासाठी आपले गुण लिहायला सांगितले, तेव्हा हुशारीचं कौतुक झालेल्यांपैकी जवळजवळ 40 टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. जो कधी भेटणारही नाही, त्याच्यापुढेसुद्धा त्यांना कमी दिसायचं नव्हतं. (पुढे या विचारावर बेतलेले उपक्रम अमेरिकेत हजारो मुलांवर तपासले गेले, तेव्हा गुणांवरचा परिणाम खरा पण लहान निघाला. कौतुकाचे शब्द बदलले की निकाल पालटेल, अशी आशा कुणी ठेवू नये.)

लाल शाईतल्या शेऱ्याची गोष्ट याच्या जवळची. डेव्हिड यीगर आणि सहकाऱ्यांनी सातवीच्या निबंधांवर शिक्षकांच्या दुरुस्त्यांसोबत एक चिठ्ठी जोडली. अर्ध्या मुलांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे शेरे लिहिलेत. निबंध पुन्हा लिहायचा की नाही, हे मुलांवर सोडलं. साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी 17 टक्क्यांनी तो पुन्हा लिहिला, अपेक्षेची चिठ्ठी मिळालेल्यांपैकी 72 टक्क्यांनी. प्रयोग छोटा होता, मुलं चाळीसच्या वर थोडीच. पण ज्यांना शिक्षक आपल्याला कमी लेखतात अशी शंका असते, त्यांच्यावर एका वाक्याचा परिणाम सगळ्यांत जास्त झाला. आपल्याकडे मागच्या बाकावर बसणारी किती मुलं अशी शंका मनात घेऊन बसलेली असतात!

आणि आता बिहारची गोष्ट. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेच्या पुढाकाराने नालंदा जिल्ह्यात सुमारे 75 सरकारी माध्यमिक शाळांत एक मोठा प्रयोग झाला, 2018 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव 'सेहर', म्हणजे पहाट. काही शाळांत प्रशिक्षण दिलेली एक व्यक्ती नेमली, ती शिक्षक नव्हती आणि डॉक्टरही नव्हती. तिला म्हणायचे 'सेहर मित्र'. सकाळच्या परिपाठात बोलायचं, भित्तिपत्रक चालवायचं, मुलांच्या मनातलं लिहून टाकायला पेटी ठेवायची, आणि कुणाला एकट्याने बोलायचं असेल तर ऐकून घ्यायचं, एवढं तिचं काम. काही शाळांत हेच सारं तिथल्याच एका शिक्षकाने केलं. उरलेल्या शाळांत यातलं काहीच नव्हतं.

आठ महिन्यांनी नववीच्या मुलांना विचारलं. मित्र असलेल्या शाळांतली मुलं म्हणाली की शाळा आपली वाटते, इथे आपलं कुणीतरी ऐकतं. त्यांच्यात नैराश्याची लक्षणं कमी होती, दमदाटी आणि मारामाऱ्याही कमी. जिथे हे काम शिक्षकाने केलं त्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नव्हता. त्यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. तास, पेपर, शिवाय कागदपत्रं सांभाळून त्यांनी हेही करायचं होतं. आणि जो माणूस आपल्याला गुण देतो, त्याच्यापुढे 'मला रात्री झोप येत नाही' असं म्हणणं चौदा वर्षांच्या मुलाला जड जाणारच.

सतरा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हाही मित्र असलेल्या शाळांमधला फरक टिकून होता.