ड्रीमकास्ट का बुडाला: पीएस२ च्या आधीची गोष्ट

सेगा कंपनीच्या ड्रीमकास्टचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलचा, विषय निघाला की आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या गेमिंगवाल्या ग्रुपमध्ये कोणीतरी लगेच म्हणतंच, अरे पीएस२ आला आणि ह्याचा खेळ खल्लास. तारखा बघितल्या तर ते पटतंसुद्धा, पीएस२, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन २, अमेरिकेत आला २६ ऑक्टोबर २००० ला आणि ३१ जानेवारी २००१ ला सेगाने जाहीर केलं की मार्चअखेर ड्रीमकास्टचं उत्पादन बंद. पण मला हे उत्तर कधीच पूर्ण वाटलेलं नाही. माझं म्हणणं असं की ड्रीमकास्ट दुकानात यायच्या तीन-चार वर्षं आधीच हरायला लागला होता, आणि त्यात त्या मशीनचा दोष फार थोडा होता.

आधी सेगा आपल्याला माहीत कशी ते बघू. १९९५ मध्ये सेगाने भारतात मेगा ड्राइव्ह हा आपला जुना कन्सोल विकायला शॉ वॉलेस कंपनीशी करार केला, किंमत १८,००० रुपये, आणि तेव्हा आपल्या घरांत चालायचा तो पिवळ्या कॅसेटवाला स्वस्त टीव्ही गेम, ज्यात काँट्रा आणि मारिओ. मग १८,००० कोण घालणार. सेगा आपल्याकडे खरी पोचली ती पीसीवरून. नौपाड्यातल्या, वाशीतल्या सायबर कॅफेत व्हर्च्युआ कॉप २ नाही असा पीसी मी क्वचितच पाहिला, नंतर हाउस ऑफ द डेड, मग क्रेझी टॅक्सी, आणि हे सगळं एकाच जपानी कंपनीचं आहे हे खेळणाऱ्यांपैकी निम्म्यांना माहीतही नसायचं. ड्रीमकास्ट मात्र कोणाचा काका किंवा मामा बाहेरून घेऊन आला तरच दिसायचा.

आता मूळ मुद्दा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेगा ड्राइव्ह, तिकडे त्याला जेनेसिस म्हणायचे, जोरात होता, निन्टेंडो ह्या स्पर्धक कंपनीला घाम फोडला होता. मग सेगाने त्यावर आधी सीडीचा जोड आणला आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये ३२एक्स नावाचा आणखी एक जोड, आणि गंमत म्हणजे त्याच महिन्यात जपानमध्ये सॅटर्न हा संपूर्ण नवा कन्सोल विकायला काढला. म्हणजे ज्याने ३२एक्स घेतला त्याच्या हातात असं मशीन पडलं ज्याचा वारसदार आधीच जन्मला होता. गेम बनवणाऱ्यांनी पण तेच ओळखलं आणि ३२एक्सकडे पाठ फिरवली, ज्या पोरांनी साठवलेले पैसे त्यात घातले ती पोरं अडकली.

मग ११ मे १९९५. लॉस एंजेलिसच्या ई-थ्री ह्या गेमिंगच्या प्रदर्शनात सेगाने सांगितलं की सॅटर्न सप्टेंबरमध्ये नाही, आजपासूनच दुकानांत आहे, ३९९ डॉलरला. त्याच दिवशी सोनीचा माणूस स्टेजवर आला आणि प्लेस्टेशनची किंमत म्हणून एवढंच बोलला, २९९. पण मला वाटतं खरं नुकसान शंभर डॉलरच्या फरकाने झालं नाही, ते झालं दुकानदारांमुळे. सॅटर्न मोजक्याच साखळी दुकानांना दिला होता, बाकीच्यांना पत्ताच नाही, आणि केबी टॉइजसारख्या मोठ्या दुकानाने चिडून सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरच्या कंपन्या सप्टेंबर धरून गेम करत होत्या, त्यामुळे तिथे कित्येक महिने सेगाचे स्वतःचे गेम सोडले तर शेल्फवर विशेष काही नव्हतं. वर सॅटर्नमध्ये दोन प्रोसेसर, दोघांकडून नीट काम करून घेणं प्रोग्रामरना जीवावर यायचं. शेवटी १९९७ च्या ई-थ्रीमध्ये सेगा ऑफ अमेरिकाच्या बर्नी स्टोलरने जाहीर सांगून टाकलं की सॅटर्न हे आमचं भविष्य नाही. खरं असेल, पण ज्याने कालच सॅटर्न घेतलाय त्याने हे ऐकून काय करायचं?

घोडबंदर रोडला एखाद्या बिल्डरने दोन टॉवर अर्धवट सोडले आणि तिसरा खरोखर मजबूत, खरोखर सुंदर बांधायला घेतला तरी बुकिंगला माणूस दहा वेळा विचार करतो ना, ड्रीमकास्टचं नेमकं तेच झालं. मार्च १९९८ ला संपलेल्या वर्षात सेगाला ३५.६ अब्ज येनचा तोटा होता. अशा अवस्थेत हे मशीन जन्माला आलं.

आणि मशीन खरंच सुंदर होतं, हे मी मनापासून म्हणतो. पुढे सेगाचे अध्यक्ष झालेले शोइचिरो इरिमाजिरी, आधी होंडात काम केलेला माणूस, त्यांनी दोन टीम समांतर कामाला लावल्या, अमेरिकेतली टीम थ्रीडीएफएक्सची ग्राफिक्स चिप घेऊन बसली आणि जपानमधली एनईसीची पॉवरव्हीआर. १९९७ मध्ये थ्रीडीएफएक्सने शेअर बाजारात उतरताना कागदपत्रांत सेगाच्या कराराचे तपशील उघड केले, शेवटी सेगाने जपानी टीमचं डिझाइन घेतलं, थ्रीडीएफएक्स कोर्टात गेली आणि नंतर तडजोड झाली. हिताचीचा २०० मेगाहर्ट्झचा एसएच-४ प्रोसेसर, १६ एमबी रॅम, डिझाइन सरळ, सॅटर्नची चूक परत केली नाही. मेमरी कार्डला स्वतःचा छोटा स्क्रीन. आणि डब्यातच मोडेम, अमेरिकेत ५६के, म्हणजे आपण इकडे व्हीएसएनएलचा डायलअप लावून घरचा लँडलाइन एंगेज ठेवत होतो तेव्हा ह्या लोकांनी टीव्हीवर ऑनलाइन गेम खेळायचा विचार करून मशीन बांधलं होतं.

जपानमध्ये २७ नोव्हेंबर १९९८ ला सुरुवातच अडखळत झाली. पॉवरव्हीआर चिप बनवताना खराब निघायचं प्रमाण इतकं की पुरेशी मशीन्सच तयार होईनात, लोक पैसे घेऊन उभे आणि माल नाही. लाँचला चार गेम, त्यातला व्हर्च्युआ फायटर तेवढा चालला, सोनिक अ‍ॅडव्हेंचर जवळपास महिनाभर उशिरा आला. जून १९९९ मध्ये किंमत १९,९०० येनवर आणली, आणि तिथून प्रत्येक डब्यामागे सेगाच्या खिशातून पैसे जायला लागले. हा तोटा भरून निघतो गेमच्या विक्रीतून, पण त्यासाठी खूप घरांत मशीन आणि खूप कंपन्यांचे गेम लागतात, आणि अडलं तिथेच.

अमेरिकेत मात्र ९ सप्टेंबर १९९९ ला धमाका झाला, १९९ डॉलर किंमत, पहिल्या २४ तासांत सव्वादोन लाखांच्या आसपास मशीन्स गेली, आणि मला हा दिवस फार आवडतो कारण त्या एका दिवसात दिसतं की लोकांना सेगा परत हवी होती. लाँचच्या तोंडावरच स्टोलरला जावं लागलं होतं आणि पीटर मूर सूत्रं सांभाळत होता. सोल कॅलिबर हा गेम तर आर्केडपेक्षा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनपेक्षा, घरी जास्त चांगला दिसायचा.

पण ईए ही स्पोर्ट्स गेमवाली मोठी कंपनी नव्हती. मॅडन हा अमेरिकन फुटबॉलचा गेम नाही, फिफा नाही. स्टोलरने नंतर सांगितल्याप्रमाणे ईएला ड्रीमकास्टवर स्पोर्ट्स गेम फक्त आपलेच हवे होते, आणि सेगाने तर नुकतीच व्हिज्युअल कॉन्सेप्ट्स ही स्पोर्ट्स गेम बनवणारी कंपनी विकत घेतलेली, ती कशी गुंडाळायची. त्यांचे एनएफएल २के आणि एनबीए २के उत्तम निघाले, आज इथे पोरं जो एनबीए २के खेळतात त्याची सुरुवात ड्रीमकास्टवरचीच. तरी युरोपात फिफाशिवाय कन्सोल विकणं म्हणजे अवघडच, आर्सेनल ह्या फुटबॉल क्लबच्या जर्सीवर ड्रीमकास्ट लिहून ती पोकळी भरत नाही.

आता पीएस२. सोनीने त्याची घोषणा मार्च १९९९ मध्येच केली, म्हणजे अमेरिकेत ड्रीमकास्ट यायच्या सहा महिने आधी. जुने प्लेस्टेशनचे गेम चालणार, वर डीव्हीडी प्लेअर, जो तेव्हा वेगळा घ्यायला महाग होता. ड्रीमकास्टची जीडी-रॉम डिस्क सुमारे १ जीबीची, सिनेमा त्यावर नाहीच. लाँचला पीएस२ चा इतका तुटवडा होता की लोकांनी नाइलाजाने ड्रीमकास्ट घ्यायला हवा होता, तेव्हा तो १४९ डॉलरवर आला होता, सेगानेट नावाची ऑनलाइन सेवाही सुरू झाली होती, पण लोक थांबले. माझ्या मते सगळ्या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर हे थांबणं. हातात असलेल्या सेगापेक्षा न मिळणारा सोनी लोकांना सुरक्षित वाटला, आणि तसं का वाटलं ह्याचं उत्तर ३२एक्स आणि सॅटर्नमध्ये आहे.

पायरसीचं कारण आपल्याकडे फार सांगितलं जातं. ते झालं हे खरंच. एमआयएल-सीडी नावाचा एक फॉरमॅट सेगाने ठेवला होता, त्या वाटेने साध्या सीडीवरून गेम चालू करता यायचा, कॉपी चालवायला मशीनमध्ये वेगळी चिप बसवायची पण गरज नाही, आणि २००० च्या मध्यापासून कॉपी धडाधड फिरल्या. पण कॉपी तर पहिल्या प्लेस्टेशनच्या पण प्रचंड झाल्या, आपल्याकडे चिप मारलेला प्लेस्टेशन आणि स्टेशनबाहेरच्या प्लास्टिकच्या पिशवीतल्या सीड्या हेच गेमिंग होतं, तरी तो जगात १० कोटींच्या वर विकला गेला. म्हणून पायरसीला मी मुख्य कारण धरत नाही, धंदा त्याआधीच तोट्यात होता.

एकूण विक्री ९१ लाखांच्या थोडी वर थांबली. शेनम्यूसारखा गेम, ज्यावर यू सुझुकींच्या टीमने कोट्यवधी डॉलर घातले, तो एवढ्याशा घरांत विकून वसूल होणं शक्यच नव्हतं, आणि तरी तो केला ह्याबद्दल मला त्या लोकांविषयी आदर वाटतो. फँटसी स्टार ऑनलाइन ह्या गेमने कन्सोलवर अनोळखी लोकांबरोबर, वेगवेगळ्या देशांतल्या, एकत्र खेळायची सवय लावली, तीही डायलअपवर. मार्च २००१ ला संपलेल्या वर्षाचा तोटा ५१.७ अब्ज येन. अध्यक्ष इसाओ ओकावा तेव्हा आजारी होते, त्यांनी स्वतःची सुमारे ८५ अब्ज येनची संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि १६ मार्च २००१ ला वारले. कंपनी वाचली ती त्या पैशावर. त्याच वर्षी सेगाची ओळख असलेला सोनिक निन्टेंडोच्या मशीनवर दिसला, २००४ मध्ये सेगा सॅमी ह्या कंपनीबरोबर एक झाली, आणि नवा घरगुती कन्सोल पुन्हा काढला नाही.

आता इथे कोणी जुना ड्रीमकास्ट शोधत असेल तर एवढं बघा. जपानी आणि अमेरिकन मशीन १००-१२० व्होल्टचं असतं, आपल्या २३० वर थेट लावलं तर गेलंच, ट्रान्सफॉर्मर लागतो, युरोपियन मशीन थेट चालतं. लेझर थकलेली असण्याची शक्यता धराच, खारघरच्या माझ्या मित्राने डिस्क ड्राइव्ह काढून एसडी कार्डवाला बोर्ड बसवलाय आणि मस्त चालतंय. तारीख-वेळ दर वेळी परत विचारत असेल तर आतली छोटी बॅटरी संपलीये, ती बदलता येते. आणि मॉनिटरला जोडायची व्हीजीए केबल मिळाली तर सोडू नका, बहुतेक गेम त्यावर ४८०पी मध्ये, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रात, चालतात.