पदक मिळवलेले तण: बागेतील उपऱ्या फुलझाडांची पार्श्वभूमी

घरच्या बागेत खुरपून खुरपून हात दुखवणारी अनेक फुलझाडे तेथे चोरपावलांनी आलेली नाहीत. कधी तरी कोणी तरी ती हौसेने, बहुधा पैसे मोजून, लावलेली आहेत. भरपूर फुलावे, कोणत्याही मातीत तगावे, फारशी निगा मागू नये, हे गुण पाहूनच त्यांची निवड झाली. आणि कुंपणापलीकडे गेल्यावर नेमके हेच गुण डोईजड झाले.

दूरदेशीची जिवंत रोपे समुद्रमार्गे नेणे पूर्वी फार अवघड होते, कारण खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे वाटेतच मरत. 1829 मध्ये लंडनचे डॉक्टर नॅथनिएल वॉर्ड यांना बंद बरणीतील मातीत नेचा आपोआप उगवलेला दिसला. त्यावरून त्यांनी काचेची हवाबंद पेटी तयार केली आणि 1833 मध्ये अशा पेट्यांतून पाठवलेली रोपे सिडनीला सुखरूप पोहोचली. पुढे या पेट्यांनी रोपवाटिकांचा व्यापार पालटून टाकला.

जपानी नॉटवीड या झपाट्याने वाढणाऱ्या झुडपाची कथा याच काळातली. जर्मन डॉक्टर आणि वनस्पती-अभ्यासक फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड यांनी जपानहून आणलेल्या या झाडाला 1847 मध्ये नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या बागकाम संस्थेने सुवर्णपदक दिले. लायडनच्या त्यांच्या रोपवाटिकेतून ते 1850 मध्ये लंडनच्या क्यू उद्यानात गेले आणि तेथून पुढे बागाबागांत पसरले. ब्रिटनमधील जवळजवळ सगळी नॉटवीड एकाच मादी झाडाची पिलावळ असल्याचे नंतर जनुकीय तपासणीत आढळले. याचा अर्थ असा की हा सगळा पसारा बियांनी नव्हे, तर मातीबरोबर इकडून तिकडे गेलेल्या मुळकांडाच्या (जमिनीखालील खोडाच्या) तुकड्यांनी झाला. म्हणूनच नॉटवीडची जागा कुदळीने खणणे हा उपाय नसून लागवडच ठरते. 1981 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये हे झाड मोकळ्या रानात लावणे हा गुन्हा झाला. पदकापासून गुन्ह्यापर्यंतचा प्रवास 134 वर्षांचा.

याउलट 1839 मध्ये क्यूला आलेला हिमालयी तेरडा पूर्णपणे बियांवर अवलंबून आहे. पिकलेली बोंडे आपल्या तेरड्यासारखीच तडकतात आणि बी काही मीटर दूर फेकतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण मात्र या तेरड्याला लागू पडली नाही. तरीही मुळे उथळ आणि बी मातीत सुमारे दोन वर्षेच टिकणारे असल्यामुळे बोंडे धरण्यापूर्वी दोन-तीन हंगाम न चुकता उपटल्यास तो हटतो.

उत्तर अमेरिकेत जांभळ्या लूझस्ट्राइफचे (पाणथळ जागी वाढणाऱ्या एका फुलझाडाचे) काही वाण ‘निर्बीज’ म्हणून विकले जात. प्रत्यक्षात जवळपास दुसरी जात असली की परपरागीकरणाने त्यांना बी धरते, हे तपासणीत उघड झाले. आणि या झाडाचे एक मोठे रोप वर्षाला 20 लाखांहून अधिक बिया देऊ शकते. विक्रीच्या चिठ्ठीवरील शब्दावर किती विसंबावे, याचे हे चांगले उदाहरण आहे. घाणेरीही बियांनीच पसरली: संकराने तिचे शेकडो रंगीत वाण झाले आणि पक्ष्यांनी फळे खाऊन तिचे बी रानोमाळ पोहोचवले.

बंदोबस्ताचे प्रयत्नही जुने आहेत. घाणेरीवर सोडण्यासाठी मेक्सिकोतून कीटक जमवून ते 1902 मध्ये हवाईला नेण्यात आले. 1940 च्या दशकात 2,4-डी हे तणनाशक बाजारात आले. ते रुंद पानांच्या झाडांना मारते आणि गवताला सोडते, त्यामुळे धान्याच्या शेतात आणि हिरवळीवर ते उपयोगी पडले. फुलांच्या वाफ्यात मात्र तण आणि लावलेले झाड दोन्ही रुंद पानांचे, त्यामुळे तेथे त्याचा धोकाच अधिक. म्हणून वाफ्यात आजही खुरपेच चालते. फक्त ते फुलोऱ्यापूर्वी चालवावे लागते, आणि बी धरलेले किंवा मुळकांडाचे अवशेष कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायचे नसतात, कारण घरच्या खड्ड्यातील उष्णता बी मारण्याइतकी क्वचितच चढते.