निकालांच्या आधीची चळवळ : समलैंगिकांच्या हक्कांसाठी झालेल्या संघटनाची पार्श्वभूमी

सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या खासगी संबंधांना भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ लागू होणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. त्याची हकिगत बहुधा न्यायमूर्ती आणि वकील यांच्या नावांनी सांगितली जाते. ते स्वाभाविक आहे, पण अपुरे आहे. जी माणसे एकमेकांना ओळखतच नव्हती आणि ओळख उघड होण्याचीच ज्यांना धास्ती होती, त्यांनी एकत्र कसे यायचे, हा या चळवळीपुढचा पहिला प्रश्न होता. त्याचे उत्तर ज्या गटाला जसे सापडले, त्यावर पुढे न्यायालयात कोणता मुद्दा पुढे येणार आणि कोणता मागे पडणार, हे बरेचसे ठरत गेले.

दंड संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला, आणि त्यात समलिंगी संबंधही धरले जात, तिच्या कलम ३७७ खाली जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंतची कैद होती. संमतीने झालेल्या संबंधांबद्दल शिक्षा झाल्याची उदाहरणे कमीच आढळतात. कलमाचा खरा वापर न्यायालयाबाहेर, बागेत, रेल्वे स्थानकावर, चौकीत, पैसे उकळण्यासाठी आणि ‘घरी कळवू’ या धमकीसाठी होत राहिला. ज्याला तक्रार करायची, त्यालाच आधी गुन्ह्याची कबुली द्यावी लागणार, अशी ही रचना होती.

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे लिहिले गेले ते र. धों. कर्वे यांच्या १९२७ साली सुरू झालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात. वाचक पत्राने आपल्या लैंगिक शंका विचारीत आणि कर्वे छापील उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, कर्वे यांना दंड झाला. त्यातून कोणतीही संघटना उभी राहिली नाही, हे खरे. पण अनोळखी माणसाचे पत्र आणि त्याला मिळालेले छापील उत्तर हीच पद्धत अर्धशतकानंतर याच मुंबईत पुन्हा उपयोगी पडली.

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली एका नियतकालिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले होते. १९९० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. त्यातला मजकूर जितका महत्त्वाचा, तितकाच त्यावर छापलेला पत्ता महत्त्वाचा होता, असे मला वाटते. लहान गावात ‘आपण एकटेच असे’ या समजुतीत जगणाऱ्या माणसाला पत्र टाकायला कुठेतरी जागा झाली. १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना झाली आणि सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यातील महानगरपालिकेच्या इमारतीत तिला जागा मिळाली. दंड संहिता ज्यांना गुन्हेगार ठरवीत होती, त्यांनाच पालिका बसायला जागा देत होती, आणि या विसंगतीचे कारण एड्स हे होते.

भारतात एचआयव्हीची लागण १९८६ साली प्रथम उघड झाली आणि १९९२ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. ज्यांच्यापर्यंत सरकारी आरोग्यसेवक पोहोचू शकत नव्हते, त्यांच्यापर्यंत त्यांच्यातलेच कार्यकर्ते पोहोचू शकत होते. भेटीच्या जागी जाऊन माहिती द्यायची, निरोध वाटायचे, दुखणे असेल तर रुग्णालयापर्यंत सोबत जायचे, अशा कामातून कार्यकर्त्यांची एक फळी तयार झाली. या कामाला निधी होता, पगार होता, नोंदवही होती. याची किंमतही होती. सरकारी कागदांत या माणसांची ओळख ‘पुरुषांशी शरीरसंबंध असणारे पुरुष’ अशी, म्हणजे रोगाच्या जोखमीपुरती झाली. आणि जोखमीच्या या हिशेबात समलिंगी स्त्रिया कुठे बसतच नव्हत्या.

स्त्रियांचा मार्ग त्यामुळे वेगळा राहिला. मध्य प्रदेशात दोन महिला पोलिसांनी १९८७ साली एकमेकींशी विवाह केला आणि त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आले. ही बातमी देशभर गेली, तरी त्यांच्या बाजूने उभी राहील अशी संघटना तेव्हा नव्हती. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा समलिंगी आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला, जो पुढे ‘लेबिया’ म्हणून ओळखला गेला. निधीपेक्षा स्त्री-चळवळीतील मैत्रीचा आधार या गटाला होता, पण ती मैत्रीही सहज मिळालेली नव्हती. लग्नातील हिंसा आणि हुंडा हे विषय ऐरणीवर असताना ‘हा प्रश्न आत्ताच कशाला’ ही कुजबुज पुरोगामी मंडळींतही होती. शिवाय स्त्रियांना कलम ३७७ पेक्षा घरच्यांची भीती मोठी होती. पळून गेलेल्या जोडीतल्या एकीवर दुसरीच्या अपहरणाची तक्रार होई आणि दुसरीला जबरदस्तीने बोहल्यावर चढवले जाई.

डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ या चित्रपटाविरुद्ध शिवसैनिकांनी मुंबईत आणि दिल्लीत चित्रपटगृहांची मोडतोड केली. उत्तर म्हणून दिल्लीच्या रीगल चित्रपटगृहासमोर मेणबत्त्या घेऊन निदर्शने झाली. अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे फलक पुष्कळ होते. त्यांत आपण भारतीय आणि लेस्बियन दोन्ही आहोत, असे सांगणारा फलकही दिसला. मोडतोड करणाऱ्यांनी हा विषय नकळत घराघरांत पोहोचवला, असे म्हणायला हरकत नाही. २ जुलै १९९९ रोजी कोलकात्यात पंधरा जणांनी ‘फ्रेंडशिप वॉक’ काढला. देशातील पहिली अभिमान-यात्रा म्हणून आज तिची गणना होते. मुंबईची यात्रा १६ ऑगस्ट २००८ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाली. दिवस आणि जागा दोन्ही अर्थातच जाणून निवडलेल्या होत्या.

न्यायालयीन लढाईची सुरुवात दिल्लीत ‘एड्स भेदभाव विरोधी आंदोलन’ या गटाने केली. त्याने १९९२ साली दिल्लीत पोलीस मुख्यालयासमोर निदर्शने केली होती, आणि तिहार तुरुंगात निरोध देण्यास नकार मिळाल्यावर १९९४ साली कलम ३७७ ला आव्हान दिले. गटाकडे पैसा नव्हता, माणसे पांगली आणि कोणी चालवायला न उरल्यामुळे ती याचिका २००१ मध्ये निकाली निघाली. त्याच वर्षी जुलैमध्ये लखनौत एड्स-प्रतिबंधाचे काम करणाऱ्या चार कार्यकर्त्यांना अटक झाली आणि त्यांना दीड महिना तुरुंगात काढावा लागला. डिसेंबरमध्ये एड्सविषयी काम करणाऱ्या ‘नाझ फाउंडेशन’ या संस्थेने ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ या वकिलांच्या संस्थेच्या साहाय्याने नवी याचिका दाखल केली. कलम संपूर्ण रद्द करण्याची मागणी तीत नव्हती, संमतीच्या खासगी संबंधांना ते लागू होऊ नये एवढीच होती, कारण तेव्हा मुलांवरील लैंगिक अत्याचारांसाठी वेगळा कायदा नव्हता आणि तेच कलम वापरावे लागे.

या याचिकेवर सर्वांत कडक टीका चळवळीच्या आतूनच झाली. आपल्याला न विचारता आपल्या वतीने न्यायालयात कोण गेले, आणि खासगीपणा व आरोग्य यांपुरताच मुद्दा मांडल्यावर ज्यांना खासगी खोलीच परवडत नाही त्यांचे काय, असे प्रश्न विचारले गेले. २००४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा सुनावणीसाठी पाठवली. दरम्यान बैठका आणि सल्लामसलती झाल्या, तसेच स्त्रिया, बालहक्क आणि मानवी हक्क यांसाठी काम करणाऱ्या संघटनांची ‘व्हॉइसेस अगेन्स्ट ३७७’ ही आघाडी खटल्यात सामील झाली. समता आणि प्रतिष्ठा हे मुद्दे त्यामुळे ठळक झाले. सज्ञान व्यक्तींमधील संमतीच्या खासगी संबंधांना कलम ३७७ लागू होणार नाही, असा उच्च न्यायालयाचे मूळचे सोलापूरचे मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्या. मुरलीधर यांचा निकाल आला तो २ जुलै २००९ रोजी, कोलकात्याच्या त्या पंधरा जणांच्या यात्रेला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी.

मराठीतून काम उभे राहायला वेळ लागला. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापन केला आणि हेल्पलाइन, समुपदेशन व मराठी पुस्तके यांवर भर दिला. ‘आईला काय शब्दांत सांगू’ या अडचणीवर इंग्रजीत उत्तर नव्हते. पालकांचा सहभाग याच धाग्यातला आहे. २००९ च्या निकालावरील अपिलात काही पालकांनी सर्वोच्च न्यायालयात आपले म्हणणे मांडले, त्यांत अभिनेत्री आणि लेखिका चित्रा पालेकर होत्या.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा तो निकाल फिरवला. दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झाले, असे कारण त्यात दिले होते. चौकीत मिटवलेल्या प्रकरणांचा खटला होत नाही, ही साधी बाब त्या मोजणीत आली नाही. त्यानंतरच्या याचिका मात्र आपली नावे उघड करणाऱ्या व्यक्तींच्या होत्या, हा फरक दोन दशकांच्या संघटनाने घडवला होता.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा मूलभूत हक्क मान्य करण्यास नकार दिला आणि इतर सोयींचा विचार केंद्राच्या समितीवर सोपवला. २०२४ मध्ये केंद्राच्या निरनिराळ्या खात्यांनी शिधापत्रिकेसाठी जोडीदाराला त्याच कुटुंबातला धरणे, बँकेत संयुक्त खाते काढणे आणि जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता येणे, यांविषयी पत्रे काढली. ती पत्रे आहेत, कायदा नव्हे. तहसील कचेरीच्या खिडकीपलीकडच्या कारकुनाने ती वाचली नसतील, तर त्यांची छापील प्रत घेऊन आपणच तिथे जावे लागते.